नाताळची खुर्ची

भिलाईत तेव्हा भट्टीचं बांधकाम चालू होतं. रेशनच्या लायनीत माझ्यापुढं मैनाबाई अन् तिची ख्रिस्ती शेजारीण रूथबाई उभ्या होत्या.

“रूथबाई, देवाच्या राज्यात लहान-मोठा कोणी नसते म्हनता न?”

“नसतेच. अन् ते मेल्यावरचं नाही, मैनाबाई, इथूनच सुरू होते.”

“मंग गेल्या नाताळाले तुमच्या घरी साहेब खुर्चीवर अन् मजूर सतरंजीवर कावून जेवले?”

“खुर्ची एकच होती न!”

“तेबी माह्या घरची.”

“हो. यंदाबी लागन.”

“यंदा नाही देत.”

“अवो, साहेबाले मांडी घालून बसता येत नाही!”

“शिकन. तुमच्या देवाचं राज्य माह्या खुर्चीपायी अडून राहिलं न!”