पार्सली चालते का?

ही २०१८ सालातली दुपार. जपानमधल्या इचिकावात, कोपऱ्यावरच्या लहानशा अमेरिकन हॉटेलात पुण्याहून आलेल्या कुमुदताई एकट्याच जेवत होत्या. शेजारच्या टेबलावर मायलेकींचं मराठी ऐकलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

"आई, आमच्या लग्नाला नाही म्हणायचं तर म्हण. पण दाइसुके स्वतः बटाटे तळतोय, दोन तरी खा."

"आज संकष्टी आहे, कश्मिरा. त्या तेलात काय काय तळलं असेल!"

"तुझ्यासाठी वेगळी कढई काढलीय त्याने. शेंगदाण्याचं तेल, सैंधव मीठ."

"सैंधव? इथे?"

"निशिकासाईच्या भारतीय दुकानातून आणलं."

"ओकासान, दोझो!"

"काय म्हणतोय हा?"

"'आई, घ्या' म्हणतोय."

"आई? एवढ्यातच? ...बटाटे मात्र कुरकुरीत झालेत हो. वर हे हिरवं काय?"

"अगंबाई, पार्सली! मी सांगायला विसरले. उपासाला चालते का?"

"कोथिंबिरीची बहीणच दिसतेय. आपल्याकडे कोथिंबीर चालते ना?"

"चालते."

"मग हीसुद्धा चालेल."

"आणि तो?"

"चंद्रोदयाला जेवायला बोलाव त्याला."

पुढच्या वसंतात कश्मिरा-दाइसुकेचं लग्न झालं. आई दर वर्षी येतात, हॉटेलात बसून बटाटे सोलतात. कुमुदताई पुण्याला परतल्या. त्यांच्या घरी उपासाला कोथिंबीर कधीच चालत नसे. आता चालते.