सरावापुरती दिवाळखोर

असं नाही, बाई, असं नाही. पाठ टेकून ऐसपैस बसलीस तर कुणाच्या लग्नाला आल्यासारखी दिसतेस. पुढे सरक, खुर्चीच्या कडेला ये — हं — आणि पिशवी मांडीवर घे, दोन्ही हातांनी धर. दिवाळं निघालेली बाई पिशवी खाली ठेवत नाही. का ठेवत नाही ते मला विचारू नकोस, नाही ठेवत. आत काही नाही गं तिच्यात, फरशी पुसायची दोन फडकी कोंबलीयत मी, फुगलेली दिसावी म्हणून. आता मान. मान खाली, पण अगदी चोरी केल्यासारखी नको. वकील लोकांना अर्धवट खाली घातलेली मान आवडते. पूर्ण खाली घातली की त्यांना वाटतं ही काहीतरी लपवतेय, आणि वर ठेवली की वाटतं हिला लाज नाही. मधली ठेव. जमेल. मला जमलं तर तुला का नाही जमणार, तू तर माझ्याहून शिकलेली आहेस — मी चौथीत शाळा सोडली.

भिऊ नकोस. खोटं आहे सगळं. आत हॉलमध्ये वकील बसलेत ना, त्यांना दरवर्षी असं येऊन बसावंच लागतं, शिकायला. तास भरले नाहीत तर सनद अडकते त्यांची. केस पिकलेले, नातवंडं असलेले वकील शाळेतल्या पोरांसारखे रांगेत बसतात, बघशील तू. निम्मे जेवणासाठी येतात, उरलेल्यातले निम्मे सही ठोकून मागच्या दारानं सटकतात, आणि जे राहतात त्यातला एक घोरतो. त्याला मी ओळखते, त्याच्या खुर्चीमागून मुद्दाम बादली खडखडवत नेते. तर यांना शिकवायला कोण, तर जज्ज आणि मोठे वकील, दिवाळखोरीच्या कोर्टातले. नुसतं बोलून शिकवलं तर सगळा हॉल झोपतो, म्हणून दुपारी सरावाची सुनावणी ठेवतात. जज्ज खरा, वकील खरे, फक्त दिवाळखोर खोटी. ती तू. कागदावर लिहिलंय तेवढं बोलायचं. तुझं शिवणकामाचं दुकान होतं, ते बुडालं, नवरा परगावी, अंगावर एक अंगठी. एवढीच गोष्ट. बाकी काही विचारलं तर “माहीत नाही साहेब” म्हणायचं.

पूर्वी नाटकात काम करणारी एक बाई आणायचे. ती इतकी रडली, इतकी रडली, की वकिलांना प्रश्नच विचारता येईनात, एकानं तर खिशातून रुमाल काढून दिला. पुढच्या खेपेला ती आलीच नाही. साहेब येऊन बसलेले, सगळे खोळंबलेले, आणि हा आपला घामट — तुला ज्यानं आणलं ना तो, मी त्याला घामट म्हणते, तोंडावर नाही — हा दारात येऊन इकडेतिकडे बघतोय. मी जिना पुसत होते. म्हणाला, मावशी, जरा हात धुवून या. धुतले. आले. ती जी बसले, ती आजवर.

हा घामट तेव्हा काय होता म्हणतेस? काळा कोट बापाचा, बाह्या बोटांपर्यंत. पहिल्यांदा मला प्रश्न विचारायला उभा राहिला आणि “तुमच्याकडे सोनं आहे का” एवढं विचारेपर्यंत घामानं कॉलर भिजली. मीच हळूच म्हटलं, विचार बाळा, मी काही खात नाही तुला. सगळा हॉल हसला. आता बघ त्याच्याकडे. गाडी आली, पोट आलं, आता तोच शिकवतो बाकीच्यांना, आणि गेल्या खेपेला मलाच म्हणतो कसा — मावशी, तुम्ही फार सराईत झालात. दिवाळखोर बाई अशी धडाधड उत्तरं देत नाही. तिचा आवाज कापला पाहिजे. म्हणून तुला आणलंय. त्याचं खरंय म्हणा, तुझा कापतो. मघाशी नाव सांगताना कापला. चांगलं आहे, तसाच ठेव.

आणि एक होती — तिला मी पाणीवाली म्हणायचे. बारीकशी पोर, वकील झाली होती नुकतीच. प्रश्न विचारायच्या आधी माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवायची. बाकीचे हसायचे, अगं ती खोटी दिवाळखोर आहे. ती म्हणायची, तहान तर खरी असेल. मला वाटलं, ही पोर पुढे जाईल. गेली की. जज्ज झाली, दोन वर्षांपूर्वी शिकवायला आली होती. मी बसले समोर, म्हटलं आता पाणी येईल. वर बघितलंच नाही तिनं. कागद, कागद, पुढचा कागद. वाईट नाही गं ती. खुर्चीत बसलं की असंच होत असेल. दिवसाला किती जणांचं दिवाळं निघालेलं बघायचं, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसलं तर रात्री जेवण जायचं नाही. साहेबच सांगतात तसं.

साहेब म्हणजे आजचे. म्हातारे आहेत, डाव्या हातानं लिहितात, लिहिताना जिभेचं टोक बाहेर येतं लहान मुलासारखं. त्यांना घाबरू नकोस. जन्म गेला त्यांचा लोकांची बुडालेली दुकानं मोजण्यात. वरच्या कोर्टात घ्यायचे होते म्हणे, दोनदा नाव गेलं, दोनदा मागे आलं. मग सुट्टीच्या दिवशी हे शिकवणं लावून घेतलं मागे. का, ते त्यांचं त्यांना ठाऊक. इतर जज्ज येतात ते फोटो काढून, हार घालून घेऊन जातात. हे शेवटचा वकील उठेपर्यंत बसतात. आज शेवटचं आहे त्यांचं. डोळे गेलेत, कागद नाकाला लावून वाचतात. आता मुलीकडे जाणार राहायला, लांब.

तर बघ. सगळ्यांचे प्रश्न संपले की साहेब लेखणी खाली ठेवतील. ती खाली ठेवल्याचा टक् आवाज होतो, तो ऐकायचा. मग तुझ्याकडे वळतील. त्यांना दिसणार नाहीस तू नीट, तरी वळतील. आणि विचारतील — “बाई, तुम्हाला काही सांगायचंय का?” मग तू म्हणायचं, नाही साहेब. झालं. मग ते वकिलांकडे बघून सांगतात, की हा प्रश्न विसरू नका, कायद्यात लिहिलेला नाही, तरी विचारा. मी पहिली बरीच वर्षं विचारला नाही, म्हणतात. समोर माणसं बसायची आणि मी न विचारता त्यांना घरी पाठवायचो. मग टाळ्या पडतात आणि चहा येतो.

म्हण बघू. नाही साहेब. — अगं ऐकू यायला हवं. परत. — हं. पिशवी नको चिवडूस. परत.

काय म्हणालीस? आणि असलं तर? काय असलं तर? सांगायचं असलं तर? नसतं. कागदावर नाही. तुझ्या हातात जो कागद आहे त्याच्यावर काय छापलंय, नाही साहेब. खऱ्या कोर्टात तर तेवढंही म्हणायला मिळत नाही. खऱ्या कोर्टात तू बसायच्या आत पुढच्याचा पुकारा होतो. आमचा वकील उभा राहिला, दोन वाक्यं बोलला, तिकडचा बोलला, साहेब डाव्या हातानं लिहीत होते, मान खाली, तेव्हा केस काळे होते त्यांचे, आणि — 

हं.

बघू नकोस अशी. बोलून गेले खरी. आता गेलंच तोंडातून तर ऐक, आणि पोटात ठेव. घामटाला माहीत नाही. साहेबांना तर नाहीच नाही. मी जिना पुसत होते म्हणून मला बोलावलं, एवढंच त्यांना माहीत.

आमचं धुलाईचं दुकान होतं. मोठं नाही, पण काचेचं दार होतं आणि आत वाफेची इस्त्री. आमचे हे कपडे धुवायचे, मी इस्त्री करायचे. माझ्या हाताची घडी आठ दिवस मोडायची नाही. मग नवीन मशीन घेतलं, ते चाललं नाही, पैसे मागणारे आले, पुढचं सगळ्यांचं असतं तसंच. त्याचं मला काही नाही. बुडतं माणूस. घ्या म्हटलं मशीन, घ्या इस्त्री, गल्लाही न्या. पण कोर्टाचा माणूस आला आणि त्यानं दाराला सील ठोकलं, आणि आत लोकांचे कपडे. आमचे नव्हेत गं, लोकांचे. खुंट्या भरलेल्या. एका पोरीचा लग्नाचा पोशाख. बँडवाल्याचा कोट, पितळी बटणांचा, बटणं मी लिंबानं घासून ठेवलेली. शाळेतल्या बाईंचे पडदे. मी त्या माणसाला म्हटलं, हे आमचं नाही, हे वाटून येते नि मग लाव तुझं सील. तो म्हणाला, कोर्टात सांगा.

कोर्टात सांगा. म्हणून मी गेले. ह्यांच्या शेजारी बसले, पिशवी मांडीवर. रात्रभर घोकलं होतं, साहेब, एक दिवस दार उघडा, ज्याचे त्याचे कपडे देऊन टाकते, मग काय ते करा. एवढंच. वकिलाला सांगितलं तर म्हणाला, ते नंतर बघू. आणि साहेब विचारतील या आशेवर मी बसले, पुढे सरकून, खुर्चीच्या अगदी कडेला. नाही विचारलं. लिहिलं, जिभेचं टोक बाहेर, आणि पुढचा पुकारा झाला.

मग आमच्या दारात लोक. लग्नाची पोरगी आली, तिची आई आली, काय काय बोलली ते तुला कशाला सांगू. कपडेचोर म्हणायचे आम्हाला. ते चालेल. पण कोपऱ्यावरच्या पोस्टमनची बायको आली. तो पोस्टमन रात्रीतून गेला होता, आणि त्याचा एकुलता एक चांगला कोट आमच्याकडे. त्याला शेवटचा तोच घालायचा, एवढं म्हणणं तिचं. आणि बाई, तो कोट समोर होता. काचेच्या दारातून दिसत होता, पहिल्याच खुंटीवर, मीच कडक इस्त्री करून लावलेला. ती काचेला हात लावून उभी आणि मी तिच्या शेजारी. मधे बोटभर जाडीची काच आणि लाखेचा गोळा. ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मग घरचा जुना सदरा घालून नेला त्याला. कपडे पुढे सगळे एकगठ्ठा कुणाला तरी विकले, ओल लागलेले. मला काच फोडावीशी वाटली होती. नाही फोडली. हे माझ्या हाताला धरून होते.

हे अजून आहेत. खिडकीत बसतात. रस्त्यानं कुणी कोट घालून चाललं की आत होतात.

आणि मग मला इथं काम मिळालं, आणि घामटानं हात धुवून यायला सांगितलं, आणि वर बघते तो समोर हे साहेब. मला वाटलं, ओळखतील. कुठलं ओळखतायत. त्यांनी मला पाहिलंच कधी होतं? प्रश्न संपले, लेखणी टक् करून खाली ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं. मला, बाई. तेच. आणि माझ्या हातात हा कागद. मी म्हटलं, नाही साहेब. दर खेपेला विचारतात, दर खेपेला मी म्हणते. चिडून म्हणत नाही, भिऊनही नाही. त्यांनी बरीच वर्षं विचारला नाही असं म्हटलं ना, की मला वाटतं, आता म्हाताऱ्याला कशाला. एवढं तरी शिकला. बाकीचे तेही शिकत नाहीत. मग टाळ्या पडतात, आणि चहाचे कप विसळायला मीच जाते. पुढच्या खेपेला बोलू, म्हणते. पुढची खेप असायची नेहमी.

घंटा झाली. ऐकलीस? तुझीच. जेवण आटोपलंय त्यांचं, आता खुर्च्या सरकवतील. जा, आणि लक्षात ठेव, कडेला बसायचं, पिशवी मांडीवर, टक् झाल्यावर —

थांब.

ऊठ बरं त्या खुर्चीवरून. ऊठ म्हणते ना. पिशवी इकडे दे. आणि ती फडकी काढून घे तिच्यातली, मला नकोत, मी रिकामीच नेईन. कागदही राहू दे तुझ्याकडे. पैसे तुलाच मिळतील, त्याची काळजी करू नकोस, मी सांगते घामटाला. रडू नकोस, तुझं काही चुकलं नाही. चांगली बसली होतीस. पोरं घरी वाट बघत असतील तुझी, मागच्या जिन्यानं जा, तिकडून लवकर पोचशील. आणि खाली गाठलंच त्यानं, विचारलंच, की मावशी का गेल्या आत, तर म्हणावं आज त्यांचा आवाज कापतोय. तुम्हाला हवा होता तसा.

जा आता. दार लोटून घे.