डागाखालचं अक्षर

आण इकडे तो पोथीच्या पानाचा फोटो – अगं, त्या खुर्चीवर नको, मांजर काही उठायचं नाही, तुलाच उठावं लागेल. इथे बस. कसल्याशा खास दिव्याखाली काढलाय म्हणालीस ना? थांब, भिंग घेते. हं. ‘ड’ आहे. स्वच्छ ‘ड’ आहे गं, ओरियान. आंधळ्यालाही दिसेल. अशी काय बघतेस माझ्याकडे? मी काही रडत नाहीये. गंमत वाटतेय मला, खरंच.

तुला नुसता पाठभेद ठाऊक. शिलेदार लढाया करून वर्षांनी परत येतो, घोडा गमावलेला, खेचरावर बसून – आणि खिडकीतली बाई त्याला बघून हसते की काही म्हणते? आपल्या जुन्या फ्रेंचमध्ये ‘रिस्त’ म्हणजे हसली, ‘डिस्त’ म्हणजे म्हणाली – फरक पहिल्या अक्षराचा, आणि पोथीत नेमका त्याच अक्षरावर डाग. हसली, तर काव्य तिथे संपलं. म्हणाली, तर पुढचं पान हरवलंय. मी इथे आरासला बसून म्हणायचे, हसली. आन्सेल्म ल्योंहून लिहायचा, म्हणाली. काय भांडलो आम्ही – छापून भांडलो, तळटिपांतून एकमेकांचे कपडे फाडले. त्याने लिहिलं, आरासच्या बाईंना डागातही स्वतःला हवं ते दिसतं. मी लिहिलं, ल्योंच्या गृहस्थांनी मूळ पोथी कधी डोळ्यांनी पाहिलेली नाही. ते खरंच होतं! शेवटी प्रकाशन मंडळाने दोघांना कळवलं – आवृत्ती एकच निघेल, दोघांनी मिळून करा, नाहीतर राहू दे.

मग आला की इथे. केवढं सामान, आणि छत्री मोडलेली. ग्रंथालयात दोघं त्या पानावर वाकलो, खिडकीशी नेलं, तिरपं धरलं – काही दिसेना. तो म्हणाला, “मला सांगा, इतक्या वर्षांनी नवरा खेचरावरून आला तर कोणती बाई हसेल?” आणि एवढ्या गंभीर चेहऱ्याने म्हणाला, नाकाला शाई लागलेली – मला हसू आवरेना. ग्रंथपाल येऊन दटावून गेला. आन्सेल्म माझ्याकडे बघत राहिला, मग पेन्सिल घेतली आणि कच्च्या प्रतीत लिहिलं – हसली. छापलं तेच. लग्न पुढच्या वसंतात.

हो, हो, तुला वाटलं तसंच – पटलं म्हणून नव्हतंच लिहिलं त्याने. मला काय कळत नव्हतं? विद्यार्थी विचारायचे, सर, ती नक्की हसली का? तर म्हणायचा, बाईंना विचारा. आणि मागच्या हिवाळ्यात ताप चढला होता ना त्याला, तेव्हा उशीवर डोकं ठेवून मला म्हणतो, “एर्मीन, काय म्हणाली असेल गं ती?” मी म्हटलं, कोण? तर पाणी मागितलं. मला ठाऊक होतं कोण. एवढी वर्षं माझ्या शेजारी झोपून हा माणूस ते हरवलेलं पान शोधत होता, आणि एका शब्दाने बोलला नाही – आणि मी आपली जिंकल्याच्या तोऱ्यात सूप ढवळतेय.

आता काय? आता दुरुस्त करायचं, आणखी काय. नव्या आवृत्तीत छाप, ‘म्हणाली’. पुढे टिंबं दे, पान गहाळ म्हणून टीप दे. तळटिपेत माझं नाव घालून लिही की चूक होती – नाही, मऊ भाषा नको, त्याने कधी माझ्याशी मऊ लिहिलं नाही. आता मरेपर्यंत मिरवेल तो. मिरवू दे. ऐंशीच्या पुढे माणसाला मिरवायला आहे काय दुसरं?

तो बघ, वाफ्यातून येतोय, हातात भाजी, बुटांना हा एवढा चिखल. नाही, तू नको सांगूस. जेवायला थांब म्हटलं असतं, पण आज नको. पुढच्या दाराने जा, बाई, आणि दार हळू ओढ. फोटो राहू दे इथेच. – आन्सेल्म, बूट बाहेर काढ. भाजी ठेव ती. बस इथे, माझ्याजवळ.