हवाईच्या हाराच्या पातोळ्या

लता : फ्रीजरमध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेली ना? ती हळदीची पानं नव्हती?

जयंती : आई, कावासाकीत हळदीची पानं कुठून येणार?

लता : आज नागपंचमी, समोर हिरवीगार लांबोडकी पानं. म्हटलं, सून गुणाची, न सांगता आणून ठेवलीत. वीस पातोळ्या उकडल्या.

जयंती : वीसच पानं होती. सगळी माझ्या हाराची.

लता : एकोणीसशे शहाण्णव साल आहे बाई. हार फ्रीजरमध्ये ठेवायचे दिवस आले.

शशांक : आई, पातोळ्या मात्र फक्कड. हळदीचा वास तेवढा नाही.

जयंती : शशांक, तू खातोयस?

शशांक : पानं नाही खाल्ली. सोलून ताटात ठेवलीत.

जयंती : चार वाजता तो हार कोमिनकानच्या, म्हणजे इथल्या समाजमंदिराच्या, हॉलमध्ये हवाईहून आलेल्या बाईंच्या गळ्यात घालायचाय. हार वळायच्या अख्ख्या क्लासमधून आमच्या शिक्षिका ओगावा-साननी मला निवडलं. बाकीच्या जपानी बायका तोंडावर हात धरून हसल्या. आता मोकळ्या हाताने जाऊ?

लता : नुसत्या पानांचा हार?

जयंती : हो. शीर काढायची, पान गोठवून मऊ करायचं, मग दोन पदरांना पीळ द्यायचा.

लता : मऊच हवंय ना? मग हे ओढून बघ. तुटतंय?

जयंती : नाही तुटत.

लता : शशांक, ऊठ. ताटातली पानं धुऊन आण. गूळ राहिला तर पाहुणीला मुंग्या लागतील. आणि तुझ्या बशीतलंही पान.

जयंती : हे असं, अंगठ्याखाली दाबायचं. पदर बाहेर पिळायचा आणि आत आणायचा. संपत आलं की नवं पान घुसवायचं.

लता : म्हणजे सुंभ वळायचा. आमच्या आगरात सात वर्षांची पोर वळते. याला तू क्लास लावलास?

जयंती : आई, दुसरं टोक धरा.

(संध्याकाळी, हॉलच्या दाराशी.)

शशांक : काय झालं?

जयंती : बाईंनी हार नाकाशी धरला. म्हणाल्या, खोबऱ्याचा वास येतोय. ओगावा-सानचा चेहरा पांढराफटक. मग मी सगळं सांगून टाकलं.

लता : माझं नावसुद्धा?

जयंती : नावासकट. हवाईच्या बाई पोट धरून हसल्या. त्यांच्याकडेही याच पानांत जेवण गुंडाळून उकडतात म्हणे.

लता : मग चुकलं कुठे माझं?

जयंती : नाहीच चुकलं. म्हणाल्या, एवढा घट्ट पीळ इथे कोणाचाच नाही, कोणी दिला? म्हटलं, अर्धा सासूबाईंनी, अर्धा मी. त्यांनी हार फिरवून फिरवून बघितला. कोणाचा कुठे संपतो, ते काही कळेना त्यांना.

लता : मलाही नाही कळायचं. शशांक, तिची पिशवी घे.