एकटीची खोली, महिन्याच्या बोलीवर

— नाही हो, तलवार चालवता येत नसली तरी अडत नाही, टेबलाभोवती बसून सोंगं घ्यायचा खेळ आहे हा, लढाई सगळी फासे टाकून होते. दर रविवारी चार वाजता, इथेच, माझ्या लॉजच्या जेवणघरात. तुम्ही वीर व्हायचं, ड्रॅगन मारायला निघायचं, आणि वाटेतला सगळा मुलूख मी — राजा मी, चोर मी, सराईवाला मी. त्यातला सराईवाला तेवढा खरा. वीस वर्षं लॉज चालवतोय, जित्याची खोड जाते कुठे? इतरांच्या खेळात वीर सराईत शिरतात, दोन नाणी फेकतात, चालू पडतात. माझ्याकडे दरपत्रक. गवताची गादी तांब्याची तीन नाणी, स्वतंत्र खोली चांदीचं एक, सूप-पाव वेगळा, गरम पाणी वेगळं, घोड्याचा चारा वेगळा. ड्रॅगननं भाजलेला वीर दारात विव्हळतोय आणि मी विचारतोय, आगाऊ भरणार ना? तो वीर म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. बिल फेडायला तीन रविवार त्यानं सराईत भांडी घासली — ड्रॅगन तिकडे म्हातारा झाला. हसा, हसा. बायकोही हसायची.

हो, तीही खेळायची. धनुर्धारी. गेल्या महिन्यात वीर एकदाचे पुढे निघाले, तर ही म्हणाली, मी मागे राहते — एकटीची खोली, महिन्याचं काय घ्याल? आता कुठलाही शहाणा नवरा — पण तिथे नवरा होता कुठे, सराईवाला होता. म्हटलं, चांदीची तीस. एकरकमी दिलीत तर चार कमी. जेवण? नको. घोडा? नाही. खिडकी रस्त्याकडे की मागे? मागे, शांत. घासाघीस नाही, काही नाही, नाणी मोजून ठेवली — आणि मी खूश, सगळ्यांना सांगतोय, याला म्हणतात गिऱ्हाईक. पावती फाडली हो, लॉजच्या खऱ्या पुस्तकातली. मेहुणा मान खाली घालून फासे पुसत होता. सोमवारी सकाळी ती बॅग घेऊन गेली. ती शिकवते त्या शाळेजवळ खरीखुरी खोली घेतलीय, मागच्या बाजूची. टेबलावर सगळ्यांना कळलं होतं, सूट देणारा सोडून.

म्हणून पाटी लावली, खेळाडू हवा — एक माणूस कमी पडतोय म्हणून, तिच्या जागी नव्हे, गैरसमज नको. आज तिचा महिना भरतो. सकाळी फोन आला, चारला येते, सराईचं काय ते ठरवू. खोली सोडणार की आणखी महिना घेणार, विचारायची छाती झाली नाही. त्या दिवशी बघा, चारा विचारला, खिडकी विचारली — बाई, एकट्या का राहताय, एवढं तेवढं राहिलं. त्याला तर पैसेही पडत नव्हते. आज तेच विचारणार आहे, बाकीचे वीर ताटकळले तर ताटकळू देत — अहो, त्या खुर्चीवर नका बसू. जिन्यावर पावलं वाजतायत. चार कुठे झालेत अजून. तुम्ही असं करा, पुढच्या रविवारी या. इकडून, मागच्या दारानं. निघा आता.