बाईंच्या मेंदूचा अहवाल

आदरणीय अध्यक्ष महोदय, आज सेवानिवृत्त होत असलेले आमचे विभागप्रमुख सर, व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मी प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ. तीस वर्षं मेंदूचे पातळ काप घेते आहे. भाषणाची सवय नाही. सरांबद्दल दोन शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. दोनावर भागेल असं वाटत नाही.

मला हे काम आमच्या वरिष्ठ संशोधक बाईंनी शिकवलं. आपण काही शिकतो तेव्हा मेंदूतल्या पेशींचे कोणते सांधे बळकट होतात, हे त्यांनी सात वर्षं खपून शोधलं. निबंध छापून आला तो सरांच्या एकट्याच्या नावाने. बाईंनी तक्रार केली. तेव्हा चौकशी समितीपुढे सर हळहळत काय म्हणाले, ठाऊक आहे? "बाईंना विस्मृतीचा आजार जडलाय हो. कुणी काय केलं, तेच त्यांना आठवत नाही."

झालं! तक्रार बंद, बाई घरी. शेजारीणसुद्धा त्यांच्याशी मोठ्याने, एकेक शब्द तोडून बोलायला लागली.

मी गप्प बसले. नोकरी हवी होती, पोरं लहान होती. त्याची लाज अजून जात नाही.

गेल्या वर्षी बाई हृदयविकाराने अंथरुणाला खिळल्या. भेटायला गेले तर म्हणाल्या, "माझा मेंदू आपल्या प्रयोगशाळेला दिलाय. काप तूच घे. आणि रडतबिडत घेऊ नकोस, वाकडे येतात."

पुढे बाई गेल्या. काप सरळ आले. सर, विस्मृतीचा तो आजार मेंदूत खुणा सोडतो, आणि त्या पुसल्या जात नाहीत. बाईंचं नाव न कळवता मी काप बाहेरच्या दोन तज्ज्ञांकडे पाठवले. दोघांचं उत्तर एकच: वयोमानाने थोडी झीज, विस्मृतीचा आजार मुळीच नाही.

बसा ना सर. हार अजून घालायचेत.

अहवाल आणि बाईंच्या हस्ताक्षरातल्या वह्या मी सकाळीच अध्यक्षांना दिल्या. चौकशी पुन्हा सुरू होते आहे. प्रयोगशाळेला सरांचं नाव देण्याचा ठराव अध्यक्षांनी मागे घेतला आहे.

मला सूड घ्यायचा नव्हता, असं खोटं सांगणार नाही. बंद दाराआड केलेली बदनामी मला भरसभेत फेडायची होती.

आयोजकांनी मला माईक दिला, सभेने शांतपणे ऐकून घेतलं, मनापासून आभार. एखादा शब्द तिखट गेला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर आपण सर्वांनी मोठ्या मनाने पोटात घालावं. सरांची क्षमा मात्र मी मागत नाही.