डावीकडं कललेली गाडी

लेकहो, माह्या बाबाच्या त्या जुन्या, दोन सीटच्या उघड्या गाडीले तुमी लय हासले. बाबा गेल्यावर मी ती मानोऱ्याच्या मिस्तरीचाचाकडं नेली. म्हटलं, "चाचा, गाडी पयल्यासारखी करू. पण आधी हे डावीकडं कलणं काढा. दोन्हीकडं नव्या स्प्रिंगा टाका."

चाचा म्हणे, "डाव्या स्प्रिंगचा एक पाटा मीच काढला, बेटा. तुह्या बापानं काढाले लावला."

"काहून?"

"तुही माय तिकडं बसे. तिच्या कमरेले गचके सहन होत नव्हते. तो म्हणे, स्प्रिंग नरम करा, गाडी कलली तं कलू द्या."

घरी येऊन मायले सांगतलं. माय म्हणे, "अन् मी त्यायले जलमभर म्हणत राह्यली, तुमची गाडी वाकडी."